तेजोच्या पंचांगाची जुनी आवृत्ती

सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. त्या बकऱ्या मी स्वतः हाकलल्या नसत्या, तर माझाही बसला नसता.

इथंच, योग्याकार्तात, याच टपरीवर लारासच्या कॉफीत इथल्या रीतीनं पेटता निखारा पडला, तो चुर्रर्र वाजला आणि शेजारचा पोरगा दचकून तिच्या खांद्यावर आदळला.

"बाहेरगावचा दिसतोस," ती हसली.

"सुराबायाचा. दानांग."

"दानांग? म्हणजे नवी आवृत्ती सांभाळणारा?"

"आणि तू… जुनी? लारास?"

गावोगावचे बाजार कोणत्या वारी भरणार, हे सांगणारं एक सगळ्यांना खुलं, फुकटचं सॉफ्टवेअर होतं. नवी आवृत्ती दानांगकडे. खेड्यांतल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांवर चालणारी जुनी लारासकडे. दोन्हींच्या पोटात पंचांग मात्र तेजोनं लिहिलेलं. तेजो म्हणजे काय सांगू! रस्त्यानं निघाला की मांजरीसुद्धा मान वळवून बघायच्या.

तेजोनं पंचांग नव्यानं लिहिलं. दानांगनं ते लगेच उचललं. लारासनं जुनंच धरून ठेवलं, आणि त्यात काही अडलं की तिचा लाडिक निरोप जायचा, "अहो तेजो, माझ्यासाठी एवढं दुरुस्त करून द्या ना…" तो द्यायचाही. लगोलग.

"त्याला 'अहो', आणि मला 'अरे'?" दानांग धुमसायचा.

"तो मोठा आहे."

"टाकून दिलेल्या आवृत्तीला फुकटात ठिगळं कोण लावतं गं?"

"ज्याला काळजी असते, तो."

"कुणाची?"

लारास नुसती हसली… आणि दानांग असा जळला, की त्याच्या कॉफीला निखारा लागेना. हातात पेला धरला की आपोआप उकळी!

शेवटी एका दुपारी, तिला न विचारता, त्यानं तिच्या जुन्या आवृत्तीत तेजोचं नवं पंचांग घुसवलं. आता बघू, कशाला निरोप धाडतेस!

पण जुनं पंचांग वार बदलायचं मध्यरात्री; नवं, वाडवडिलांच्या रीतीनं, सूर्यास्तालाच. दिवेलागणीलाच उद्याचा वार लागला आणि साऱ्या खेड्यांतले कॉम्प्युटर ओरडले : आज बाजार! झालं. बकऱ्या, कोंबड्या, केळीवाल्या बाया, सगळ्या रस्त्यावर! मेरापी ज्वालामुखीनं बघण्यासाठी धूर आवरून धरला.

लारास तणतणत आली. "माझ्या आवृत्तीला हात लावलास?"

"लावला."

"का?"

"तुझ्या पडद्यावर रोज त्याचं नाव… मला बघवेना."

मग ती हळूच म्हणाली, "येड्या, जुनं धरलं ते खेड्यांसाठी. तिथले कॉम्प्युटर नव्यानं गडबडतात. त्याच्यासाठी नव्हे."

"मग… माझं काय?"

"तू आधी होतं तसं कर. आणि यापुढं नव्यातली प्रत्येक दुरुस्ती माझ्या जुन्यात तूच आणून बसवायची. जन्मभर."

"जन्म… भर?"

"ऐकू येत नाही का रे?"

लग्न दणक्यात झालं. तेजो सगळ्यांत पुढं! फणसाच्या भाजीची ताटंच्या ताटं चापली, नवरदेवाला मिठी मारली, इतका हसला, इतका हसला की—

"पुरे हो, तेजोआजोबा!" टपरीवाल्या सार्तिनीबाईंनी पळी आपटली. "त्या दिवशी तुम्ही माझ्या या बाकावर बसून होतात. भाताला शिवलासुद्धा नाहीत."