सोळा गाणी आणि एक रिकामं स्टूल

तुम्ही हसलात तरी चालेल. मामाही आधी हसला होता.

पण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं. तेही रात्री-बेरात्री नाही, दिवसाढवळ्या. मंगळवार होता. दुपारचे अडीच वाजले असतील.

माझ्या मामाचं जुन्या डिस्कचं दुकान आहे. गाण्यांच्या, सिनेमांच्या. लोक आणून देतात, आम्ही तपासतो आणि विकतो. तपासायचं काम माझं. मागच्या खोलीत एक टीव्ही, दोन प्लेअर आणि टेबलावर दिवा. खिडकी नाही. डिस्क दिव्याखाली धरून ओरखडे बघायचे, मग ती लावून पूर्ण बघायची. चित्र कसं, आवाज कसा, कव्हर कसं आणि किंमत किती, हे चिठ्ठीवर लिहायचं. सहा वर्षं हेच करतेय. माझे कान तिखट आहेत, असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

त्या दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या. हातात एकच डिस्क.

मामाने कव्हर बघितलं, मग बाईंकडे बघितलं आणि खुर्चीतून उठला. कव्हरवर त्याच होत्या. चौघांचा छोटा बँड होता त्यांचा, आणि या गायिका. दहा वर्षांत केलेल्या सोळा गाण्यांचे व्हिडिओ त्यांनी एका डिस्कवर आणले होते. मोजक्याच प्रती निघाल्या, त्यामुळे आता शोधूनही मिळत नाही.

मामाने विचारलं, विकताय का?

"विकायची नाही," त्या म्हणाल्या. "फक्त बघून सांगा. खराब झालीय का?"

आम्ही भाव सांगतो, आजार सांगायला डॉक्टर बघा, असं काहीतरी मामा म्हणाला. त्या हसल्या नाहीत.

मी डिस्क आत नेली. एक ओरखडा नाही. पहिल्या दोन गाण्यांचं चित्र जरा दाणेदार, पुढचं झकास. आवाज उत्तम.

एकच गोष्ट खटकत होती...

कीबोर्ड.

सोळा गाणी वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या हॉलमधली. ड्रमचा आवाज प्रत्येक ठिकाणी वेगळा, गिटारचाही. पण कीबोर्ड सगळीकडे सारखाच स्वच्छ. आणि वाजवणारा माणूस, किडकिडीत, चौकड्याचा शर्ट घातलेला... त्याची बोटं आणि सूर जुळत नव्हते. अगदी केसभर. त्याचा उजवा हात थरथरत होता. आवाजात मात्र कुठेच थरथर नव्हती.

'कीबोर्डचा आवाज नंतर भरलेला,' असं मी चिठ्ठीवर लिहिलं आणि बाहेर येऊन वाचून दाखवलं.

कीबोर्डचं ऐकून त्यांनी मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "तो दिसला तुम्हाला?"

"कोण?"

"कीबोर्डवाला. माझा धाकटा भाऊ."

दिसला की, मी म्हटलं. चौकड्याच्या शर्टात. सोळाही गाण्यांत आहेत.

त्यांनी काउंटर घट्ट धरला.

भाऊ जाऊन आठ महिने झाले होते. त्या घरी एकट्याच. रोज ही डिस्क लावायच्या. आणि रोज त्याचं स्टूल रिकामं दिसायचं. कीबोर्ड वाजतोय, पण माणूस नाही. म्हणून त्यांना वाटलं, डिस्कच बिघडली असेल.

मामा म्हणाला, चला, डोळ्यांनीच बघा.

आम्ही तिघं आत गेलो. डिस्क प्लेअरमध्येच होती. मी पहिलं गाणं लावलं. ड्रमवाला होता, गिटारवाला होता. माइकपाशी बाई होत्या.

आणि स्टूल...

रिकामं.

मी पुढचं गाणं लावलं, मग त्याच्या पुढचं. सगळीकडे तेच. मामा हसला. "दुसरीच लावलीस की काय गं?" मी डिस्क बाहेर काढलीच नव्हती. मग त्याने कपाटातून त्याच डिस्कची, स्वतःसाठी जपून ठेवलेली प्रत काढली. न फोडलेली. माझ्यासमोर वेष्टन फाडलं आणि लावली.

स्टूल रिकामंच.

मामाचं हसू तिथेच विरलं.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी बाईंना म्हटलं, ताई, तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबता का?

त्या गेल्या. दार लागलं. मी गाणं पहिल्यापासून लावलं.

तो बसला होता.

मामाने माझं मनगट धरलं. चौकड्याचा शर्ट, थरथरणारा हात, खाली घातलेली मान...

मागे दार उघडलं. बाईंना राहवलं नव्हतं.

पडद्यावर त्याचे हात थांबले.

त्याने मान वर केली आणि थेट आमच्याकडे बघितलं. आमच्याकडेही नाही... आमच्या मागे, दाराकडे. मग तो उठला, स्टूल मागे सरकवलं आणि चौकटीतून बाहेर निघून गेला.

कीबोर्ड वाजतच राहिला.

स्टूल सरकल्याचा आवाजही आला. कर्रर्र... पण टीव्हीतून नाही. तेवढं मला कळतं. तो आमच्या पाठीमागून आला. दाराजवळून.

त्या खोलीत स्टूल नाही.

बाई तिथेच खाली बसल्या. मग सांगायला लागल्या. भावाचा हात पहिल्यापासूनच थरथरायचा. डिस्कमध्ये कुठे उणं राहू नये, म्हणून त्यांनी त्याचे सूर दुसऱ्या वादकाकडून पुन्हा वाजवून घेतले. सोळाही गाण्यांत. त्याला सांगितलं नाही. डिस्क घरी आली त्या दिवशी त्याने ती पूर्ण बघितली. टीव्ही बंद केला. "छान झालंय," म्हणाला. पुन्हा कधी कीबोर्डला हात लावला नाही.

"चार लोकांत त्याला कुणी हसू नये, एवढंच होतं माझ्या मनात," त्या म्हणाल्या.

मामाने विचारलं, जुना आवाज कुणाकडे आहे का? आवाज भरणाऱ्याकडे असेल कदाचित, असं म्हणून त्या उठल्या आणि गेल्या. डिस्क तिथेच राहिली.

दीड महिन्याने टपालाने पाकीट आलं. आत नवी डिस्क आणि चिठ्ठी. भावाचे मूळ सूर परत घातले होते. तपासून कळवा, एवढंच लिहिलं होतं.

मी मामाला शेजारी बसवलं, दार सताड उघडं ठेवलं आणि डिस्क लावली.

कीबोर्ड अडखळत होता. तिसऱ्या गाण्यात दोनदा चुकला. पण तो बसला होता. सोळाही गाणी जागचा हलला नाही. एकदा तर गालात हसला. माझे डोळे भरून आले.

मग चिठ्ठी लिहायला घेतली. आवाज आणि ओठ जुळतात का, ते बघायचं असतं. म्हणून पहिलं गाणं पुन्हा लावलं...

ओठच नव्हते.

माइक उभा होता. गाणं मोकळ्या गळ्याने चालू होतं. माइकमागे कुणीच नव्हतं.

मघाशी मी फक्त त्यालाच बघत बसले होते. मामाच्याही लक्षात आलं होतं. तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. आम्ही सोळाही गाणी पुन्हा बघितली. त्या कुठेच नव्हत्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"दिसतो का?"

"सोळाही गाण्यांत," मी म्हटलं.

त्या रडल्या, मग हसल्या. आता आम्ही दोघं बसून बघू, म्हणाल्या. कव्हरचं विचारलं, चित्राचं विचारलं. मी सगळं ठीक सांगितलं. आपण दिसतो का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यांचे फोन अजून येतात. आवाज खणखणीत असतो. पण त्या मंगळवारनंतर त्यांना आम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही. एकदा भेटून ये, मामा म्हणतो. पत्ता आहे माझ्याकडे. दोनदा गेलेही. दारापर्यंत.

दोन्ही वेळेला आतून गाणं ऐकू येत होतं. मागे अडखळणारा कीबोर्ड. टीव्ही लागलाय की कुणी वाजवतंय, हे माझ्या तिखट कानांना ओळखता आलं नाही.

मी बेल वाजवली नाही.