मुठीतली ऊब

"ही नळी फ्रिजमध्ये कुणी ठेवली?"

"मी... खराब होऊ नये म्हणून," दारातला उंच, विस्कटलेल्या केसांचा डॉक्टर म्हणाला.

"दूध आहे का ते?"

ही आमची पहिली भेट. मेंदूच्या विभागात तो नवा, प्रयोगशाळेत मी सहा वर्षं मुरलेली. नळीत एका बारा वर्षांच्या मुलीच्या पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी होतं. तळ्यात पोहून आली, चार दिवसांनी ताप, मान ताठ. कुठलंच औषध लागू पडेना. त्याला संशय होता अमिबाचा – नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या. हा संसर्ग फार क्वचित होतो, पण झाला तर माणूस हातचा जातो. आणि या शहाण्याने तो अमिबाच गारठवला होता! गारठलेला अमिबा हलत नाही, आणि हलला नाही तर साध्या पांढऱ्या पेशीसारखा दिसतो.

"आता?" त्याचा चेहरा उतरला.

"आता पुन्हा काढा. आणि ऊब राहू द्या."

"कशात ठेवू?"

"मुठीत धरा. तेवढं जमेल ना?"

तीन जिने धावत तो परत आला. मूठ अशी आवळलेली, की एकेक बोट मलाच सोडवावं लागलं.

"सोडा आता."

"सोडतोय..."

भिंगाखाली एका ठिपक्याला फुगवटा आला, आणि ठिपका पुढे सरकला.

"हलतोय," मी म्हणाले.

तो वाकला. स्पिरिटचा वास, माझ्या कानाशी त्याचा श्वास... "औषध सुरू करतो," म्हणत पळाला. दार उघडंच.

अठराव्या दिवशी त्या मुलीने आईकडे कंगवा मागितला.

पण माझा वैताग संपला नाही. तो आता सगळंच मुठीतून आणायचा – बर्फात आणायचं रक्तसुद्धा. कपाळाला हात लावून लावून मी दमले.

एका दुपारी पुन्हा तीच बंद मूठ. मी बोटं सोडवली. आत काहीच नाही.

"नळी कुठेय?"

"नाहीये. मूठ उघडून घ्यायला आलो होतो... दुसऱ्या कुणाला जमत नाही."

"डॉक्टर, माझे तीन नमुने खोळंबलेत."

"थांबतो की."

बोटं मात्र मी काढून घेतली नव्हती. नमुने आणखी पाच मिनिटं खोळंबले.

चाळीस वर्षं झाली. दार तो अजूनही उघडंच टाकतो – आता आमच्या घरच्या फ्रिजचं. मी ओरडले, की गार हात माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "ऊब राहू द्या."