गोटीकोबीचा वानोळा

दोन हजार तेवीस सालच्या डिसेंबर महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, न्यायालयांना सुट्टी असताना, सायंकाळच्या सुमारास, अमरावती शहरात भरलेल्या एका कृषी प्रदर्शनाच्या भाजीपाला विभागात केदार नावाच्या एका तरुण वकिलाने एका अनोळखी तरुणीशी वाद उकरून काढला. वादाचा विषय पानकोबी हा होता.

"ही कोबी तुम्ही फार लवकर तोडली," तो म्हणाला. टोपलीतील एक हिरवी गोटी त्याने चिमटीत धरली होती. "महिनाभर थांबला असतात, तर हिची चांगली पानकोबी झाली असती."

"जन्मभर थांबले असते, तरी झाली नसती. बोराचा नारळ झालेला पाहिलाय का तुम्ही?"

"मग हे आहे तरी काय?"

"ब्रुसेल्स स्प्राउट्स. उंच दांड्याला पानांच्या बगलेत खालपासून वरपर्यंत लागतात. अकोल्याजवळ, आमच्या शेतात. माझे बाबा त्यांना गोटीकोबी म्हणतात. शेजारचे शेतकरी मला वेडी म्हणतात."

"शेजाऱ्यांची साक्ष अजून झालेली नाही," केदार गंभीरपणे म्हणाला. "तोवर आरोपीला संशयाचा फायदा."

हसू आवरण्यासाठी तिने खालचा ओठ दातांत धरला... आणि केदारला आपला पुढचा मुद्दा आठवेना. वकिलाच्या आयुष्यात असे क्वचित घडते.

तिचे नाव प्रियदर्शनी. उद्यानविद्येत पदव्युत्तर शिक्षण घेऊन ती अकोल्यातील एका रोपवाटिकेत काम करीत होती. तिचे वडील देवमन ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले होते, आणि दर्यापूरच्या रस्त्यावरील त्यांच्या शेतातील एक तुकडा तिने या प्रयोगासाठी हट्टाने मागून घेतला होता. माल आला, पण तो रांधायचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिने एक स्टीलचा डबा गोट्यांनी भरला आणि केदारपुढे धरला.

"घ्या. वानोळा."

शेतातला नवा माल ओळखीच्या घरी पाठवावा, त्याला वानोळा म्हणतात, हे केदारला माहीत होते. "पण आपली ओळख कुठे आहे?"

"इतका वेळ भांडलो की आपण. आमच्याकडे यालाच ओळख म्हणतात."

"आणि डबा?"

"अकोल्याला येता ना कधी?"

"दर मंगळवारी. तारखा असतात."

"मग आणून द्या. पण..." तिने झाकण घट्ट लावले. "रिकामा आणू नका. वानोळ्याचा डबा रिकामा परत करत नसतात."

केदारच्या घरी त्या वानोळ्याचे जे झाले, त्याला स्वयंपाक म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याच्या आई कुंदाबाई यांनी नेहमीच्या रीतीने त्या गोट्या तुरीच्या डाळीबरोबर कुकरमध्ये घातल्या आणि तीन शिट्ट्या होऊ दिल्या. झाकण उघडताच घरभर असा दर्प पसरला, की केदारचे वडील बापूसाहेब गॅसची नळी तपासायला उठले. बापूसाहेबांचे वडील पौरोहित्य करीत. ते स्वतः मात्र वकिलीत मुरले होते आणि घरातही निकाल देत. "या परदेशी वस्तूला माझ्या ताटात जागा नाही," त्यांनी जाहीर केले.

डबा रिकामा नेता येत नव्हता, म्हणून केदारने तीच करड्या रंगाची भाजी भरून नेली. अकोल्याच्या न्यायालयाबाहेरील चहाच्या टपरीवर प्रियदर्शनीने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"हिला कुणी मारलं?"

"तीन शिट्ट्यांनी."

"ऐका. हिला पाण्यात बुडवायचं नाही. मधोमध चिरायची. तवा चांगला तापवून त्यावर शेंगदाण्याचं तेल, आणि चिरलेली बाजू खाली करून टाकायची. मग हात बांधून उभं राहायचं."

"हात बांधून?"

"हलवायची नाही, झाकायची नाही. खालून तांबूस झाली, की मग लसूण, मोहरी, सुकी मिरची. मीठ सगळ्यात शेवटी."

"वकिलाला गप्प उभं राहायला सांगता?"

"म्हणून तर भीती वाटते मला," ती म्हणाली, आणि चहाच्या पेल्यावरून तिने त्याच्याकडे जे पाहिले, त्यात भीतीचा अंश नव्हता. निघताना तिने डबा ताज्या गोट्यांनी भरून त्याच्या हाती दिला.

पुढच्या मंगळवारी डब्यातील प्रत्येक फोडीला बदामी कडा होती. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखी मऊ, आणि कडवटपणाच्या मागून हळूच येणारा गोडवा. प्रियदर्शनीने डबा संपवला आणि कच्च्या गोट्यांनी पुन्हा भरून दिला.

असे सुरू झाले. एका आठवड्यात त्याने गोट्या बारीक चिरून त्यांवर बेसन पेरले. तिने उत्तरादाखल भरली गोटीकोबी आणली: बुडाला फुलीसारखी चीर, आत दाण्याचे कूट, तीळ, खोबरे आणि काळा मसाला. मग त्याने मोहरी फेसून, लिंबू पिळून कच्चे लोणचे घातले. डबा रिकामा परत करायचा नाही, एवढा नियम दोघांनी पाळला, आणि नियमच असा होता, की तो पाळणाऱ्यांना थांबता येऊ नये.

लोणच्याच्या आठवड्यात 'तुम्ही'चे 'तू' झाले.

"फार झणझणीत झालंय," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आले होते.

"पाणी आणू?"

"नको... असू दे. राहू दे जरा वेळ."

तिच्या हनुवटीवर मोहरीचा एक पिवळा ठिपका लागला होता. तो पुसायला केदारचा हात पुढे झाला, अर्ध्या वाटेवर थबकला, आणि साखरेच्या बरणीकडे वळला. चहात साखर आधीच होती. तिने ते पाहिले. ठिपका मात्र तिने लगेच पुसला नाही.

प्रियदर्शनीच्या घरी, दिवाणखान्यात बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींखाली बसून तूर निवडताना, तिची आई सुंदराबाई हे सर्व पाहत होती.

"तो खाते, हे समजलं मले," ती एके दिवशी म्हणाली. "त्याच्या घरचे खातात काय?"

"आई खातात त्याच्या. बाबांचं... माहीत नाही."

"मंग माहीत करून घे. ज्या घरात आपल्या भांड्यातलं खात नाहीत, त्या घरात माही पोरगी जाणार नाही."

"जाणार आहे असं कोण म्हणालं?"

"कोनी कायले म्हणाले पायजे? दर मंगळवारी केस धुऊन राह्यली तू."

प्रियदर्शनी लाजली, पण आईचे पहिले वाक्य तिच्या मनातून जाईना, कारण ते तिचेही होते. केदार चांगला होता, यात तिला शंका नव्हती. परंतु एकट्या चांगल्या माणसाचा हात धरून ज्या घरात शिरावे, तिथे आपला पेला वेगळा ठेवला जाईल की काय, या धास्तीने तिला जगायचे नव्हते. पुढच्या भेटीत तिने सरळ विचारले, "तुझे बाबा खातात?"

"ते म्हणतात, ही कोबी परदेशी आणि बेचव आहे."

"कोबीबद्दलच म्हणतात ना?"

"मी... तसं समजतो."

"समजतोस," ती म्हणाली. त्या दिवशी चहा निवून गेला.

संक्रांतीच्या आठवड्यात केदार एका खटल्यासाठी नागपूरला अडकला. डबा घेऊन आले ते बापूसाहेबांच्या कार्यालयातील कारकून देवीदास. "बापूसाहेबांनी स्वतःच्या हातानं दिला, ताई," त्यांनी आदराने सांगितले. प्रियदर्शनीचा चेहरा उजळला. देवीदास जाताच रोपांच्या आडोशाला बसून तिने झाकण उघडले.

डबा रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे. लख्ख घासलेला, आत तेलाचा वासही नसलेला.

संध्याकाळी केदारचा फोन आला. "कशी झाली होती? आईने या वेळी तिळकूट घातलंय म्हणे."

"डबा रिकामा आला."

"अशक्य! आईने स्वतः—"

"घासून आला, केदार. तुझ्या बाबांच्या हातून." तिचा आवाज शांत होता, आणि तेच केदारला अधिक लागले. "मला जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर मिळालं. तुझ्यावर राग नाही माझा. पण आता डबा पाठवू नकोस."

त्यानंतर तिने फोन उचलला नाही.

केदार घरी परतला तो थेट स्वयंपाकघरात गेला. "आई, तू डबा भरला होतास?"

"गच्च! झाकण लागत नव्हतं," कुंदाबाई म्हणाल्या. "ओट्यावर ठेवून मी शेजारच्या नीलमकडे हळदीकुंकवाला गेले."

देवीदास तर मिळाला तसा डबा घेऊन गेले होते. राहिले बापूसाहेब. ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. पण त्याचे पान बराच वेळ उलटले नव्हते.

"बाबा, तुम्ही भाजी फेकून दिलीत?"

"फेकली?" बापूसाहेब दुखावून म्हणाले. "अन्न कोणी फेकतं का?" मग त्यांनी चष्मा काढला. "खाल्ली."

"सगळी?"

"आधी एकच फोड घेतली होती. मग... सगळी. अख्खा महिना तुमच्याशी वाद घातल्यावर कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून डबा घासून ठेवला."

"तुम्ही? डबा घासलात?" कुंदाबाईंना भाजीपेक्षा याचेच आश्चर्य वाटले. "लग्नापासून एक कप विसळला नाही तुम्ही!"

"पुरावा राहू नये म्हणून घासला. तेवढ्यात देवीदास अकोल्याला निघाला म्हणून डबा न्यायला आला, त्याच्या हाती दिला."

केदारला हसावे की ओरडावे हे कळेना. "बाबा, तिथे एक मुलगी त्या डब्याकडे बघून बसली आहे. तुम्ही तिला काय कळवलंत, ते लक्षात येतंय का तुमच्या?"

बापूसाहेबांच्या ते लक्षात आले. त्यांचा चेहरा उतरला. "मला तिकडे घेऊन चल," ते म्हणाले.

रविवारी देवमन यांच्या शेतात हुरडा भाजला जाई. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. अमरावतीहून आलेले तिघे बांधावरून येताना दिसले, तशी प्रियदर्शनी उठून कोबीच्या वाफ्यांकडे निघून गेली. देवमन मात्र उठून सामोरे गेले. "या साहेब, बसा. लिंबाखाली सावली आहे."

बापूसाहेब बसले नाहीत. न्यायासनापुढे उभे राहावे तसे उभे राहून त्यांनी सारी हकीकत सांगितली, आणि शक्य तितकी स्वतःच्या विरुद्ध सांगितली. सुंदराबाईंनी कणसे चोळणे थांबवले.

"साहेब, एक विचारू? भाजी नव्हती खायची तुमाले, का आमच्या भांड्यातली नव्हती खायची?"

वाफ्यांतील हालचाल थांबली. कुंदाबाई जमिनीकडे पाहू लागल्या.

"दोन्ही," बापूसाहेब म्हणाले. "भाजीवर वाद घालत होतो, कारण दुसरी गोष्ट मनातल्या मनात उच्चारायचीही लाज वाटत होती. ती गोष्ट मनातून आधीच जायला हवी होती, बाई. माझी चूक आहे. मी माफी मागायला आलो आहे."

सुंदराबाईंनी त्यांना नीट निरखले. "मंग लपून काहून खाल्लं?"

"हरलो होतो. हरल्याचं सांगायची सवय नाही मला."

"त्याला मी साक्षीदार आहे," कुंदाबाई म्हणाल्या, आणि पहिले हसू आले ते देवमन यांना.

"आता चारचौघांत खा," म्हणत सुंदराबाईंनी आपल्याच ताटलीत हुरडा आणि जवसाची चटणी वाढून त्यांच्यापुढे सरकवली. बापूसाहेब मातीतच मांडी घालून बसले आणि खाऊ लागले.

केदार वाफ्यांत गेला. दांड्यांवरच्या हिरव्या गोट्यांवर ऊन पडले होते. प्रियदर्शनी पाठमोरी उभी होती.

"सगळं ऐकलं मी," ती न वळता म्हणाली. "पण तो डबा उघडल्यावर मला काय वाटलं, ते तुला कळणार नाही."

"नाही कळणार. म्हणून कळल्याचं सोंग करत नाही." तो एक पाऊल पुढे आला. "प्रियदर्शनी, मला तुझ्याशी लग्न करायचं आहे. बाबा पटले म्हणून विचारत नाही; ते नसते पटले, तरी मी आलो असतो. पण तू आली नसतीस."

"नसते आले."

"म्हणून त्यांना घेऊन आलो."

ती वळली. तिच्या पापण्या ओल्या होत्या, आणि खालचा ओठ दातांत होता. "इतका मोठा युक्तिवाद... आणि एकदाही अडखळला नाहीस?"

"मंगळवारपासून तयारी चालली आहे."

"मग माझं उत्तर छोटं आहे," ती म्हणाली. "हो."

या वेळी त्याचा हात अर्ध्यावर थांबला नाही. त्याने तिची बोटे हातात घेतली, आणि दोघेही काही काळ, त्या पिकाकडे पाहण्याचे निमित्त करून, तसेच उभे राहिले.

"पण आईचं अजून बाकी आहे," ती हळूच म्हणाली. "तुला तिच्यासाठी रांधावं लागेल. इथे तवा नाही."

केदारने ओंजळभर गोट्या खुडल्या आणि आगटीच्या कडेला निखाऱ्यांत पुरल्या. हात बांधून तो उभा राहिला. सगळे पाहत होते, बापूसाहेब तर सूचनाही देत होते. वरची पाने करपून काळी झाली, तशी त्याने काडीने गोट्या बाहेर ओढल्या, फुंकर घालून काळे पापुद्रे सोलले, चिरडलेला हिरवा लसूण आणि मीठ लावले, तेलाचे दोन थेंब सोडले, आणि पळसाच्या पानावर ठेवून सुंदराबाईंपुढे धरल्या. त्याची बोटे पोळली होती. ती प्रियदर्शनीने ओढणीच्या टोकात धरून ठेवली, आणि कोणाला दिसेल याची पर्वा केली नाही.

सुंदराबाईंनी एक गोटी तोंडात टाकली. सावकाश चावली. सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत राहिले.

"आतून कच्चं राह्यलं," त्या म्हणाल्या. "पण शिकन पोरगा."