मोरीवरची थरथर

“पुन्हा म्हण! माझी रूपी हडळ झाली म्हणतोस ना, मग या चार माणसांदेखत पुन्हा म्हण!”

शुक्रीनं पदर कमरेला खोचला आणि ती जावयाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. लाहू आपल्या जीपच्या बॉनेटला टेकला होता. त्याच्या मुठीत भगतानं मंतरून दिलेले खिळे होते, शेंदूर लावलेले.

“मी कुठं म्हणतो, मामी? सगळा पाडा म्हणतो. दुसरीकडं कुठं काही नाही. ओढ्यावरची मोरी जवळ आली, की स्टिअरिंग थडथड उडतं. हातात ठरत नाही. तिथंच का? रूपी बाळंत झाली तिथंच का? बाळंतपणात गेलेल्या बाईचं काय होतं, ते काय तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे. माती होते. माझी होईल, तुझीही होईल. मेल्यावर तुझ्या स्टिअरिंगला लोंबकळायचं, एवढाच धंदा उरला होय तिला? जिवंतपणी तर गाडीला हात लावू देत नव्हतास!”

गॅरेजात बसलेलं कोणीतरी फिसकन हसलं. शुक्रीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो गडी चहा प्यायला निघून गेला.

आता ही गोष्ट खोटी वाटत असेल, तर कासा नाक्यामागच्या गॅरेजात जाऊन काशीनाथकाकांना विचारा. वीज गेली की आसपासची पोरं त्यांच्या ओट्यावर गोळा होतात आणि काका दरवेळी हीच सांगतात. शुक्रीला ते पूर्वीपासून ओळखत होते, आणि त्या रात्री त्याच जीपमध्ये होते. रात्र कोणती? सन २०१६, डिसेंबरची अठ्ठावीस तारीख, बुधवार. मार्गशीर्षातली अवस.

काम तसं साधं होतं. रूपीची पोर जन्मली तेव्हा मूठभर होती, म्हणून कासाच्या दवाखान्यात ठेवून घेतली होती. त्या दुपारी तिला सुट्टी मिळाली. नातीला कैनाडकडच्या पाड्यावर घरी न्यायचं, एवढंच. पण वाट त्या मोरीवरून जात होती, आणि भगतानं लाहूला बजावलं होतं: अवसेच्या रात्री, पोर मोरी ओलांडायच्या आत, तिथं खिळे ठोक. मग रूपीला मोरीच्या पलीकडं पाऊल टाकता येणार नाही. पाड्यावर नाही, घरात नाही, पोरीजवळ नाही. कधीच नाही.

त्या ‘कधीच नाही’वर शुक्री पेटली होती. लेक गेली ते तिनं दात आवळून सोसलं. पण मेलेल्या लेकीला तिच्याच लेकरापासून तोडायचं, हे तिच्यानं सोसवेना.

“खिळ्यांचं मागाहून,” तिनं सांगून टाकलं. “आधी गाडी बघायची. काशीनाथ, काढ चाक.”

काकांनी जॅक लावला, चाक उतरवलं आणि पुढच्या आर्ममध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यात, टॉमीची पहार घालून रेटा दिला. आर्म लटलट हलला, म्हाताऱ्याच्या दातासारखा. आर्म जिथं गाडीला जोडलेला असतो तिथं रबराचा जाड बुश बसवतात. काकांनी तो ठोकून बाहेर काढला आणि शुक्रीच्या तळहातावर ठेवला. रबर चिरफाळलं होतं. एका अंगानं पार झिजलं होतं.

शुक्रीनं ते लाहूच्या नाकासमोर धरलं. “घे, बघ तुझी हडळ. काळी आहे, पोटात भोक आहे, आणि वास मारतेय!”

“मोरीच्या आधी उतार आहे,” काका म्हणाले. “बाकी रस्ताभर तू सवारी घेत, खड्डे चुकवत हळू जातोस. तिथं मात्र गाडी पन्नासावर जाते. बुश गेले की नेमक्या तेवढ्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.”

“रूपी होती तोवर कधी हललं नाही,” लाहू खाली बघत म्हणाला.

काकांनी त्याच्याकडं पाहिलं. मग फडक्याला हात पुसत राहिले.

नवे बुश दाबून बसवायचे म्हणजे घाईचं काम नव्हे. दोन्ही बाजू होईपर्यंत रात्र झाली. तोवर सासू-जावयाचं भांडण दोनदा विझलं आणि तीनदा पेटलं. दवाखान्यातली नर्सबाईसुद्धा म्हणाली, आज अवस आहे, लेकरू सकाळी न्या. पण शुक्री ऐकेल तर ना!

“माझी नात आज तिच्या आईच्या घरात झोपणार. आणि काशीनाथ, तू मागं बस. बुश तुझे, तर भरवसाही तूच द्यायचा.”

काका मुकाट्यानं बसले.

चारोटी गाव सुटलं. वस्ती मागं पडली. दोन्ही अंगांना साग, आणि मध्ये जीपच्या दिव्यांपुरता रस्ता. पोर चारोटीपासून रडत होती. वरच्या दुधाला तोंड लावत नव्हती. शुक्रीनं तिला गोधडीत घट्ट गुंडाळून छातीशी धरलं होतं.

“काशीनाथ, रबर असं व्हायला किती दिवस लागतात?”

“दिवसांत नाही होत, शुक्रीबाय. त्यानं अख्खा पावसाळा काढलाय. मी तेव्हाच लाहूला बदल म्हणालो होतो...” काका थांबले.

“पावसाळ्यात माझी पोर जिवंत होती.”

ती लाहूकडं वळली.

“लाहू.”

त्यानं समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही.

“रूपीला नेलं त्या रात्री स्टिअरिंग हलत होतं?”

लाहूनं गिअर बदलला. उगाच. पुन्हा होता तोच टाकला.

“लाहू, मी विचारतेय.”

“हलत होतं,” तो म्हणाला. “पन्नासाला नेली की उडायचं. उलटली असती गाडी, मामी. म्हणून... म्हणून हळू...”

शुक्री रडली नाही. त्या रात्री मागच्या सीटवर तीच होती. रूपीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मोरीपाशी पोर झाली, आणि मग रक्त थांबेना. आयस, अजून किती लांब, आयस, अजून किती लांब, असं आईला विचारत विचारत रूपी कासा यायच्या आत गप्प झाली.

“तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते,” शुक्री म्हणाली. “मग हलवत कोण होतं?”

समोर उतार आला. लाहूनं ब्रेकवर पाय ठेवला.

“नाही. दाब.”

“मामी...”

“दाब म्हणते ना! पन्नास कर!”

जीप उतारावर सुटली. चाळीस. पंचेचाळीस. वारा फटीतून शिट्टी मारायला लागला. पन्नास.

स्टिअरिंग हललं नाही.

लाहूचे हात थरथरत होते. मनगटं, कोपरं, सगळं. स्टिअरिंग मात्र स्थिर. रुळावर चालल्यासारखी गाडी सरळ. लाहूनं एक हात काढला. मग दुसरा काढला. तरी सरळ.

पोर गप्प झाली. एकदम. रडणं मध्येच तोडल्यासारखी.

“थांबव,” काका म्हणाले.

त्यांनी मागून लाहूचा खांदा धरला.

“थांबव गाडी. आत्ता.”

जीप मोरीच्या अलीकडं उभी राहिली. कठडा समोरच होता. लाहूनं इंजिन बंद केलं. काळोख जवळ सरकला. ओढ्यात पाणी नव्हतं. रातकिडा नव्हता.

“बुशाचे नट गाडी जमिनीवर टेकल्यावर आवळायचे असतात,” काका म्हणाले. “जॅकवर असताना नाही. उजवीकडचा आवळला मी. आणि तुम्ही दोघं भांडायला लागलात... डावीकडचा... डावीकडचा नुसता बोटानं फिरवून ठेवलाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे उतारावर आर्म निसटायला हवा होता. आपण तिघं... चौघं...”

काका खाली उतरले. टॉर्च आणि पाना घेऊन जीपखाली शिरले.

शुक्री दाराशी उभी राहिली. खालून काकांचा श्वास ऐकू येत होता. आणि दुसरा एक आवाज.

चुटूचुटू. चुटूचुटू.

तिनं गोधडी बाजूला केली. पोरीचे डोळे मिटलेले होते. तोंडात काही नव्हतं. ओठ मात्र हलत होते. आणि ती गिळत होती. घोट, घोट, सावकाश. अंगावर पिणारं मूल गिळतं तशी.

शुक्रीनं गोधडी पुन्हा ओढली नाही. पोरीचा चेहरा उघडाच ठेवला.

“शुक्रीबाय...” खालून हाक आली. “इकडं बघ.”

ती वाकली. लाहूही वाकला.

काकांनी डाव्या नटाला पाना लावला होता. दोन्ही हातांनी जोर करत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. नट हलत नव्हता. काकांची एक सवय आहे: जो नट आवळून झाला त्यावर ते पिवळ्या रंगाची रेघ मारतात, म्हणजे विसर पडत नाही. उजवीकडं पिवळी रेघ होती.

डावीकडंही रेघ होती. पांढरी.

काकांनी तिला बोट लावलं. ओली होती. त्यांनी बोट टॉर्चसमोर धरलं, नाकाशी नेलं. रंग नव्हता तो. पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ होतं. आपल्या बायका लग्नाला भिंतीवर चौकाची चित्रं लिहितात, ते. बोटाच्या टोकानं ओढलेली बारीक रेघ, नटापासून आर्मपर्यंत. जराही न चुकलेली.

टॉर्च विझला नाही, काही नाही.

“आहे ती,” लाहू म्हणाला. मागं सरला. पडला. उठला. “पाहिलंस? आहे! इथंच आहे! काका, दगड... दगड द्या कोणीतरी...”

त्यानं खिशातून खिळे काढले. बोटांत ठरेनात. तो गुडघ्यांवर बसून कठड्याशी माती उकरायला लागला.

“अजून पोरीनं मोरी ओलांडली नाही,” तो पुटपुटत होता. “अजून वेळ आहे... अजून...”

शुक्री पोरीला घेऊन चालत गेली. सावकाश. त्याच्या आणि मोरीच्या मध्ये उभी राहिली.

लाहूनं वर पाहिलं. हातातला दगड तसाच.

शुक्री म्हणाली, “जी गाडी तू तिच्यासाठी नीट केली नाहीस, ती तिनं तिच्या लेकीसाठी नीट केली, आता ठोक खिळे, हिंमत असेल तर.”