हंडीतला घास

नानाजींच्या मते जगात खोटं न बोलणाऱ्या वस्तू दोनच : तबल्यावरची चामड्याची पुडी आणि तळलेला पापड. हवा कोरडी असली की पुडी चढून बोलते, पापड कुडुम वाजतो. हवा ओली झाली की दोघंही मान टाकतात. बाकी माणसं, पंचांगं आणि पुढारी वाट्टेल ते बोलोत. चांद्याला पठाणपुरा वेशीजवळ तबले मढवण्याचं दुकान चालवताना तीस वर्षांत हा सिद्धांत एकदाही चुकला नव्हता.

१९५७ सालच्या चैत्रात कलाभवनाचे सेक्रेटरी भैयाजी यांनी दोन दिवसांचा संगीत महोत्सव ठरवला आणि त्याला खाण्याचा आनंदमेळा जोडून दिला.

"नुसत्या गान्याले कोन येते, नानाजी? भज्याच्या वासानं येतीन अन् मंग ख्याल आयकतीन."

कलाभवनाला पाच वर्षं झाली होती. त्या जागी पूर्वी ढिवरांची बोडी होती. लहानसंच तळं, पण बारमाही पाण्याचं. मुरूम टाकून ती बुजवली, वर भवन उभं राहिलं. नाटकं, कीर्तनं, गाणी सगळं तिथं झालं होतं. चूल मात्र तिथं पहिल्यांदाच पेटणार होती.

नानाजींचा जीव या महोत्सवात अडकला होता तो कमळासाठी. मुलगी एकोणीस वर्षांची, आई लहानपणीच गेलेली, गळा असा की शेजारच्या भांडकुदळ बायाही रियाजाच्या वेळी गप्प बसत. कुरखेड्याच्या मामानं तिच्यासाठी स्थळ पक्कं केलं होतं, धानाच्या गिरणीवाल्याचं. घर चांगलं होतं, पण बैठकीतच त्यांनी सांगून टाकलं होतं की सुनेला गाणं बंद करावं लागेल. बापलेकीनं मामाच्या हातापाया पडून एक मुदत मिळवली होती. महोत्सवाला नागपूरहून रेडिओचे साहेब येणार होते. त्यांनी कमळाला पसंत केलं तर लग्न दोन वर्षं पुढे. नाही तर अक्षय तृतीयेला अक्षता.

पहिल्या दिवशी दुपारी चारला मेळा सुरू झाला. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं कुत्रं नालीत जाऊन बसलेलं. भवनाच्या ओसरीत वडे, पातोड्या, कुरड्या, पापड मांडले होते. तासाभरात ओरड झाली. पापड मऊ पडले. कुरड्या ओल्या चिंधीसारख्या लोंबायला लागल्या. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं आणि काडेपेटीची काडी ओढली तरी पेटेना.

नानाजींनी डोकं शांत ठेवलं. त्यांनी एक गरम पापड घेतला, रस्ता ओलांडून पलीकडच्या कडुनिंबाखाली गेले, पंधरा मिनिटं हातात धरून उभे राहिले. लोक बघून हसले. पापड कुडुम वाजला. तसाच दुसरा पापड ओसरीत पाच मिनिटांत वाकला. म्हणजे ओल तेवढ्या जागेपुरतीच होती. जमीन मात्र कोरडी ठणठणीत, भिंतीही कोरड्या.

संध्याकाळी पहिल्या गवयाचा तबला गाणं चालू असतानाच उतरला. डोमा, म्हणजे नानाजींनीच तयार केलेला तबलजी, हातोडीनं ठोकून ठोकून घामाघूम झाला. गवई बुवा तरबेज, त्यांनी हसत वेळ मारून नेली. नानाजींना मात्र हसू आलं नाही. उद्या त्याच जागी कमळा बसणार होती.

ओसरीच्या कोपऱ्यात सोनीबाईचं दुकान होतं. म्हातारी ढिवरीण, मातीच्या हंडीत भात आणि मरळ माशाचा रस्सा घेऊन बसलेली. त्याच बोडीत तिच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकलं होतं.

"नानाजीभाऊ, चूल पेटवाच्या आधी पयला घास काहाडला का कोनी?" तिनं विचारलं.

"कोनासाठी?"

"बोडीसाठी. आमचा बुढा हंडीतला पयला घास पान्यात सोडे, मंगच जाळं टाके. इतके सालं इथी नुसतं गानं झालं, ते आयकत पडून राह्यलं. आता जेवनाचा वास आला. उठनारच."

"कोन उठनार?"

"त्याचं नाव घेत नसते."

"बाई, बोडी बुजून पाच सालं झाले."

"बुजवली तं तुमी. गेली, असं कोनं सांगतलं तुमाले?" सोनीबाईनं हंडीवरचं झाकण नीट केलं. "उद्या तुमच्या पोरीचं गानं हाय म्हनून सांगतो. घास द्या. पन हंडीतला द्या, कोनी तोंड न लावलेला. उष्टा नोका देऊ. उष्टं फक्त नवरा-बायको खाते एकमेकाचं."

नानाजी हसले. घरी जाताना त्यांनी हा विनोद कमळाला सांगितला. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळ्यांत तेल घालून तयारी केली. तीन तबले काळी चारला, म्हणजे कमळाच्या सुराला, चढवले, घरी चुलीजवळ कापडात गुंडाळून ठेवले आणि गाण्याच्या दहा मिनिटं आधी आणले. कमळा पडद्यामागच्या खोलीत बसली होती. सकाळपासून उपाशी होती म्हणून भैयाजींनी तिला पत्रावळीवर भात पाठवला होता. तिनं भीतीपोटी चारच घास खाल्ले आणि उरलेला तसाच ठेवला.

"बाबा, मले जमन का?"

"तुले नाई जमन तं कोनाले जमन?"

साडेपाचला ती बसली. पहिल्या रांगेत रेडिओचे साहेब होते, शेजारी मामा. कमळानं सा लावला आणि सभागृह गप्प झालं. पोटात शिरणारा तो सूर नानाजींनी हजारदा ऐकला होता, तरी डोळे भरून आलेच.

पाच मिनिटांत तबला अर्धा सूर उतरून पांढरी पाचला आला. डोमानं दुसरा घेतला. तो दोन मिनिटंही टिकला नाही. तंबोरा वर, तबला खाली. कमळाचा चेहरा उतरला. एक जागा घेताना आवाज कापला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि मामानं घड्याळ पाहिलं.

डोमानं तिसरा तबला काढला आणि पडद्यामागे उभ्या असलेल्या नानाजींकडे पाहिलं.

सोनीबाईची हंडी ओसरीत होती. मध्ये दोनशे माणसं मांडी घालून बसलेली.

कमळाच्या उरलेल्या भाताची पत्रावळ पायाशी होती.

नानाजींचा विश्वास नव्हताच. विश्वास नसलेल्या माणसाला उष्टं काय आणि हंडीतलं काय! त्यांनी भाताचा घास उचलला. रंगमंचाच्या मागच्या बाजूला एक फळी सुटी होती, तिच्याखाली हात घातला.

खाली गारवा होता. चिखलाचा, शेवाळाचा वास होता.

त्यांनी हात उघडला.

घास पडला नाही. कुणीतरी तो तळहातावरून उचलून घेतला. घाई न करता, बोटांनी. मग तळहातावर राहिलेली शितंही एकेक करून वेचून घेतली.

नानाजींनी हात ओढला. तो मनगटापर्यंत ओला होता.

बाहेर डोमानं तिसऱ्या तबल्यावर थाप मारली. काळी चार, लख्ख. मग तबला तासभर हलला नाही. आणि कमळा अशी गायली की ओसरीतली गिऱ्हाइकं हातातले वडे हातात धरून दारात येऊन उभी राहिली. शेवटी साहेब स्वतः उठून मंचापाशी गेले. पुढच्या महिन्यात नागपूरला या, म्हणाले. मामानं पागोटं सारखं केलं आणि नानाजींना मिठी मारली.

ओसरीत पापड वाजत होते.

सोनीबाई हंडी घासत बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "देल्ला नं?"

"हाव."

"हंडीतलाच नं?"

एवढ्या आनंदात म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला घालायचा!

"हाव," नानाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर दुपारी कंदील घेऊन ती फळी उचकटली. खाली हातभर पोकळी आणि तडे गेलेला कोरडा मुरूम. कोळ्याची जाळी तशीच शाबूत. भाताचं शीत नव्हतं. मुंग्या नेतात, असं स्वतःला सांगून त्यांनी फळी ठोकून बसवली, चार खिळे जास्त मारले.

रेडिओचं पत्र आलं. गिरणीवाले दोन वर्षं थांबेनात, तेव्हा कुरखेड्याचं स्थळ मामानं सन्मानानं परत पाठवलं. कमळाचा गळा दिवसेंदिवस खुलत गेला. फक्त दुकानातले तबले रियाजाच्या वेळी उतरायला लागले, म्हणून नानाजींनी तिची खोली मागच्या बाजूला नेली. लग्नाचा विषय तिनंच एकदा काढला. "आता दुसरं स्थळ नोका पाहू बाबा," इतकंच म्हणाली. गाण्यासाठी म्हणते आहे, असं समजून त्यांना बरं वाटलं.

अक्षय तृतीयेला तिनं पुरणाचा स्वयंपाक केला. ठरलं असतं तर आज तिच्या लग्नाच्या अक्षता पडल्या असत्या, हे दोघांनाही आठवत होतं. बाहेर ऊन रणरणत होतं. नानाजी ताटावर बसले. कमळानं कढईतला पापड काढून त्यांना वाढला. तो ताटात पडेपर्यंत वाकला होता.

त्यांनी मान वर केली. कमळा समोर जेवायला बसत होती. बसताना तिनं डोक्यावरून पदर घेतला. बापासमोर तिनं पदर कधीच घेतला नव्हता.

"काऊन वं?" नानाजींनी विचारलं.

"काई नाई. जेवा नं तुमी."

तिनं आपल्या ताटातल्या भाताच्या मधोमध बोटानं एक रेघ ओढली. मग शांतपणे, मान खाली घालून, अलीकडचा भात खायला लागली.

पलीकडचा भातही कमी होत होता.