पाचव्या दरवाजाची उमज

निंबसरच्या नगरपालिकेत त्या वर्षी 'कळलं' हे तोंडाने म्हटलेलं चालत नव्हतं. कळलं असेल तर ते कपाळावर दिसावं लागे.

नियम साऱ्या राज्याचा होता, आणि त्याच्या मागे एक घडलेली गोष्ट होती. कुठल्याशा शहराने रस्ते आणि पुतळे धुणारं स्वयंचलित यंत्र घेतलं होतं. जे हलतं ते माणूस आणि जे हलत नाही ते धुवायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. पुढे चौकात एका दिवंगत सभापतींची शोकसभा भरली. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले आणि यंत्राने अध्यक्षांपासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांना साबणाच्या पाण्याने धुऊन काढलं. दोन मिनिटं संपली नव्हती म्हणून कुणी हललंही नाही. चौकशीत असं निघालं, की यंत्र घेताना अभियंत्यांनी नगरसेवकांना ते नीट समजावलं होतं आणि शेवटी 'कळलं ना?' विचारल्यावर एकूण एक जण 'हो हो' म्हणाले होते.

तसं पाहिलं तर यात त्या बिचाऱ्यांची फारशी चूक नव्हती. आपल्याकडे कुणी काही सांगत असलं की मधूनमधून 'हं' म्हणणं हा शिष्टाचार आहे. 'हं' म्हटलं नाही तर सांगणाऱ्याला वाईट वाटतं, आणि 'कळलं नाही' म्हटलं तर तो पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

म्हणून उमजपट्टी आली. कपाळाला बांधायची बोटभर रुंदीची पट्टी, मधोमध मुगाच्या दाण्याएवढा दिवा. माणूस नुसता ऐकत असतो तेव्हा त्याचा मेंदू शब्दांच्या मागून चालतो, आणि खरंच उमजतं तेव्हा तो शब्दांच्या पुढे जाऊन उभा राहतो, असा शोध लागला होता. 'दूध चुलीवर ठेवून ती दाराशी बोलत बसली' एवढं ऐकलं की आपल्याला पुढचं सांगावं लागत नाही, मन आधीच उतू गेलेल्या दुधापाशी पोचलेलं असतं. मेंदूतली ही लहानशी धाव पट्टीला टिपता येई. धाव नसली की दिवा तांबडा, असली की हिरवा.

कायदा झाला तो असा. गावावर परिणाम करणारं कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी ते चिठ्ठी टाकून निवडलेल्या एका सामान्य माणसाला उमजलं पाहिजे. त्या माणसाला उमजकरी म्हणत. उमजकरी अभियंता नसावा आणि नगरसेवकाचा नातेवाईक नसावा. निंबसरात पहिली अट पाळणं सोपं होतं. पट्टी उमजकऱ्याचं कपाळ ओळखे; त्यावर दिवा सलग सात सेकंद हिरवा राहिला, की पट्टीतूनच दाखला थेट जिल्ह्याला जाई. मध्ये माणसाचा हात ठेवलाच नव्हता, कारण हात ठेवला की वशिला आलाच.

पट्ट्या बाजारात आल्यावर व्हायचं ते झालं. सासवांनी जावयांसाठी मागवल्या. विधानसभेत पहिल्याच दिवशी त्यांना बंदी झाली. निंबसरच्या एका मास्तरांनी वर्गातल्या सगळ्या मुलांना पट्ट्या बांधल्या, फळ्यावरून वळून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला.

तर त्या आषाढात निंबसरच्या बंधाऱ्यावरच्या यंत्रासाठी चिठ्ठी निघाली ती द्वारकाबाई लोणकरांची. वय अडुसष्ट, खालच्या आळीत एकट्या राहणाऱ्या, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. बंधाऱ्याला पाच दरवाजे. चार जणांनी चक्र फिरवून ते उघडायचे, अशी जुनी रीत. आदल्या वर्षी चक्र फिरेपर्यंत दोन तास गेले आणि बाजारात कमरेएवढं पाणी आलं. द्वारकाबाईंची लेक नलू हिचं शिलाईचं दुकान त्यात गेलं, ते तिने नुकतंच पुन्हा थाटलं होतं. आता दरवाजे आपणहून उघडणारं यंत्र आलं होतं. तीन बैठकांत दिवा हिरवा झाला नाही तर ते कारखान्यात परत जाणार आणि श्रावणाच्या पाण्यासमोर पुन्हा तेच चक्र आणि तीच चार माणसं. यंत्र समजावायला आलेली केतकी ढमाले ही पोरगेलीशी अभियंता. एकटीने सांभाळायचं तिचं हे पहिलंच काम. ती आल्या आल्या तीनदा पाणी प्यायली.

पहिल्या बैठकीत केतकीने चित्रं दाखवली. डोंगरात पडलेल्या पावसाची खबर यंत्राला लागते, सहा तासांनी किती पाणी येईल ते यंत्र काढतं आणि पाणी यायच्या आधीच दरवाजे थोडे थोडे उघडतं. द्वारकाबाई मनापासून 'हं' म्हणत होत्या. दिवा तांबडाच. त्यांना फार संकोच झाला. मुलीला उगाच त्रास म्हणून त्यांनी पट्टी काढून पुसून पाहिली, जरा खाली बांधून पाहिली. मग स्वतःशीच म्हणाल्या, की म्हणजे दूध वर यायच्या आधी गॅस बारीक करायचा. दिवा हिरवा झाला. केतकी खुर्चीवरून अर्धी उठली.

तेवढ्यात द्वारकाबाईंनी विचारलं, की चार दरवाजे कळले, पण पाचवा तर चाळीस वर्षांत उघडलेला नाही, तो कधी उघडायचा? केतकी म्हणाली, ते यंत्र ठरवतं. दिवा तांबडा.

दुसऱ्या बैठकीला दुपारचे दोन वाजले तरी द्वारकाबाई जेवलेल्या नव्हत्या. त्यांचा चातुर्मासाचा नेम होता. रोज एक कहाणी सांगायची, आणि ऐकणारं कुणी मिळाल्याशिवाय जेवायचं नाही. पूर्वी मालक ऐकायचे, पुढे शेजारणी. आता ज्याला त्याला घाई. लेकीने घरात बोलकं यंत्र बसवून दिलं होतं, ते बरोबर जागच्या जागी 'हं' म्हणे. पण परवा त्या शिंकल्या तेव्हाही ते तितक्याच भक्तिभावाने 'हं' म्हणालं, तेव्हापासून त्यांचं मन घेईना. त्यांनी केतकीपुढे सौदा ठेवला. आधी तू माझी कहाणी ऐक, मग मी तुझा दरवाजा ऐकते.

"नुसतं 'हं' चालायचं नाही हं," असं म्हणत त्यांनी पट्टी केतकीच्याच कपाळाला बांधली.

कहाणीतली धाकटी सून उंबऱ्याशी पोचली तोवर केतकीचा दिवा हिरवागार झाला होता. द्वारकाबाईंनी हात जोडले, डब्यातले चार घास खाल्ले, जेवताना मौन असतं म्हणून केतकीला खुणेनेच चालू दे म्हटलं. केतकी उत्साहाने पाचव्या दरवाजाकडे वळली. पट्टी काढायची तिला आठवणच राहिली नाही.

द्वारकाबाईंनी घास गिळला, चूळ भरली आणि मगच बोलल्या.

"बाळ, तुझाच तांबडा आहे गं."

केतकीने मोबाइलच्या काचेत स्वतःचं कपाळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खरं काय ते सांगितलं. यंत्राला नियम कुणी लिहून दिलेलेच नव्हते. त्याला चाळीस वर्षांचे पूर दाखवले होते, आणि नुकसान कमीत कमी व्हावं एवढं सांगितलं होतं. बाकीचं त्याचं त्यानेच शोधलं. आपला मुलगा दुसऱ्याच्या घरी काय शिकला ते आईला ठाऊक नसावं, तसं. ते चांगलं चालतं हे तिला माहीत होतं, पण पाचवा दरवाजा ते का आणि कधी उघडतं, हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. तिथल्या तिथे तिने कारखान्यातल्या वरिष्ठांना फोन लावला. ते वीस मिनिटं फार आत्मविश्वासाने बोलले. केतकीचा दिवा ढिम्म हलला नाही. साहेबांकडे एखादी पट्टी असेल का, असं द्वारकाबाईंनी हळूच विचारायला सांगितलं, आणि नेमकी त्याच वेळी साहेबांची दुसरी मीटिंग सुरू झाली.

त्यानंतर केतकीने चार दिवस बंधाऱ्यावरच्या खोलीत काढले. यंत्राला एकेक खोटा पूर द्यायचा, म्हणजे पाऊस नसताना पावसाचे आकडे भरायचे, आणि ते कुठला दरवाजा किती उघडू पाहतं ते लिहून ठेवायचं. दोनशे बारा पूर तिने आणले नि ओसरवले. दरवाजे टाळं लावून बंद होते, म्हणून निंबसरात कुणाचा जोडाही भिजला नाही.

तिसऱ्या बैठकीला ती आली तेव्हा तिने चित्रं आणली नव्हती. द्वारकाबाईंनी तिचा चेहरा पाहून आधी तिला ताक दिलं. मग स्वतः पट्टी बांधली.

"मावशी, पाणी बेताचं असेल तर पाचवा उघडतच नाही," केतकी म्हणाली. "पण चार दरवाजे पुरेनासे झाले, की पाणी बाजारात शिरणार. बाजार आणि वरची वस्ती मिळून चार हजार माणसं. त्या वेळी यंत्र पाचवा दरवाजा उघडतं. पूर्ण उघडतं. ते पाणी जुन्या ओढ्यात जातं. आणि जुना ओढा…"

केतकी तिथेच थांबली. तिला पुढचा शब्द सापडेना. ती हातातल्या पेल्याकडे बघत राहिली आणि मग पट्टीतून टिंग असा बारीकसा आवाज आला. तिने मान वर केली. दिवा हिरवा होता. दाखला जिल्ह्याला गेलेला होता.

"मी अजून सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"सांगायचं काय राहिलं? ओढ्याच्या काठाला आमचीच आळी. अकरा घरं."

द्वारकाबाईंनी तिच्या हातातला पेला काढून घेतला. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "मला कळलं, बाळ. पटलं नाही."

केतकीने ताबडतोब जिल्ह्याला फोन केला. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी शांतपणे समजावलं, की कायदा उमजण्याचा आहे, पटण्याचा नाही. पट्टीला एवढंच मोजता येतं, आणि सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं म्हटलं तर देशात एक पूल उभा राहिला नसता. बाईंचा शेरा नोंदवून घेतो म्हणाले, आणि मुदतीच्या आत काम झाल्याबद्दल केतकीचं अभिनंदन केलं.

हिशेबात चूक आहे का, असं द्वारकाबाईंनी विचारलं. केतकी म्हणाली, दोनशे बारा वेळा शोधली, नाही सापडली. पाणी सोडण्याआधी तासभर भोंगा वाजेल, माणसं निघतील, घरं राहणार नाहीत.

"चूक असती तर बरं होतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "भांडता आलं असतं. त्या चार हजारांत माझी नलू आहे. तिच्या दुकानात पाणी येऊ नये म्हणून मी गेल्या वर्षापासून एकभुक्त राहते आहे. आता येणार नाही." त्यांनी पट्टीची गाठ सोडली. "आजवर पाणी आलं की आम्ही देवावर रुसायचो. चार दिवस दिवा लावायचा नाही, मग आपणच जाऊन लावायचा. त्याला सवय आहे. आता कुणावर रुसायचं?"

"माझ्यावर रुसा."

"तू तर नोकरीवाली, उद्या बदलून जाशील."

ते खरंच होतं. शिवाय कायद्यात आणखी एक कलम होतं. पुढे कुणाला यंत्राबद्दल शंका आली तर विचारायला माणूस हवा, म्हणून उमजकऱ्याचं नाव यंत्राशेजारी पितळी पाटीवर लागे. निंबसरच्या बंधाऱ्यावर आता द्वारकाबाई लोणकर, खालची आळी, असं लागणार होतं. अभियंत्याच्या नावाला पाटीवर जागा नव्हती. कारखान्याची खूण होती, एका कोपऱ्यात, कमळासारखी.

केतकी त्यांना घरापर्यंत सोडायला गेली. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. आपल्या आळीचं नाव पाटीवर लागणार म्हणून आळीने ओट्यावर सतरंजी घातली होती, कुणी पेढे आणले होते, कुणी औक्षणाचं तबक. खाटेवरून न उठणाऱ्या पार्वतीकाकूंनाही खुर्चीत बसवून बाहेर आणलं होतं. जो तो म्हणत होता, की शिकलेल्या माणसांना जे जमलं नाही ते आपल्या द्वारकाबाईंनी करून दाखवलं. शेजारच्या शालनवहिनींनी त्यांना मधोमध बसवलं आणि हातात पेढा घेऊन म्हणाल्या, "आता आम्हालाही सांगा बाई, एवढं काय कळलं तुम्हाला."

केतकी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला वाटलं, या सांगणार नाहीत. सांगून तरी काय होणार, दाखला गेला.

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. चार दरवाजांचं सांगितलं, उतू जाणाऱ्या दुधाचं सांगितलं, बाजारातली चार हजार माणसं सांगितली. आळी कौतुकाने 'हं' म्हणत होती. मग त्या म्हणाल्या, "आणि पाणी फारच आलं, तर पाचवा दरवाजा उघडून पाणी जुन्या ओढ्यात…"

पेढा घेऊन त्यांच्या तोंडाशी येणारा शालनवहिनींचा हात वाटेतच थांबला. द्वारकाबाईंचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.