दहा आकड्यांची उसंत

पद्माकरची आणि माझी पहिली भेट झाली ती टेबलाखाली. वायर सुटली म्हणून मी वाकले, तर तिथे आधीच एक चष्मेवाला उकिडवा बसलेला. "डोकं सांभाळा," तो म्हणाला, आणि उठताना स्वतःचंच आपटून घेतलं.

१९८६ सालची गोष्ट. खालापूरजवळच्या एका कागद कारखान्यात स्टोअरला नवा कॉम्प्युटर आला होता. मी शकू, दहिवलीची. टायपिंगची परीक्षा पास, म्हणून मला त्याच्यासमोर बसवलं. आलेला-गेलेला माल मी त्यात भरायचे. पण यंत्र भलतं सुस्त. एक नोंद दिली की पडद्यावर 'वेट' यायचं, आणि मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत ते पुढे सरकायचं नाही. तिकडे गेटवर टेंपो खोळंबायचे. हे दुखणं बरं करायला साहेबांनी पद्माकरला मुंबईहून बोलावलं होतं. काम झालं की तो परत जाणार होता.

त्या दहा आकड्यांत मी दुसरं काय करणार... त्याच्याकडे बघायचे. तोही बघायचा, आणि सापडला की घाईघाईने पडद्याकडे बोट दाखवायचा.

"एवढं काय लिहीत बसतं हे?" मी एकदा विचारलं.

"मालाचा हिशेब मांडण्याआधी स्वतःच्या नोंदवहीत टिपून ठेवतं. वीज गेली तरी काही हरवू नये म्हणून. तुम्ही खोडलेलंही त्यात राहतं."

"चहाडखोरच की."

"प्रामाणिक म्हणा."

त्याचं मराठी हे असं, अगदी पुस्तकातलं. मग आमचे म्हातारे स्टोअरकीपर कोंडाजीमामा एकदा त्याच्याकडे टक लावून म्हणाले, "काय रं, हितल्या लोधिवलीच्या भागूबाईचा पदू ना तू?" तेव्हा त्याचे कान लाल झाले. मला तर तो त्या दिवसापासून जास्तच आवडायला लागला.

मामांचा यंत्रावर विश्वास नव्हता. ते आपलं जुनं रजिस्टरही भरायचे. दुपारी मालाची वर्दळ नसली की पट्टी घेऊन पुढची चार पानं आखून ठेवायचे. गाडी दारात आली की नुसतं लिहायचं. एकदा 'वेट' चालू असताना मी सहज बोलून गेले, "तुमच्या यंत्राला मामांसारखी पानं आधीच आखून ठेवता येत नाहीत का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. दहा आकडे संपले, वीस संपले...

"शकुंतला," तो सावकाश म्हणाला, "दर नोंदीला ते कोरी जागा शोधतं, साफ करतं, मग लिहितं. वेळ तिथेच जातोय."

तीन दिवस खपून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. हा प्रोग्रॅम पडद्यामागे बसून राहायचा, आणि माझे हात थांबले की गुपचूप कोरी पानं तयार करून ठेवायचा. चौथ्या दिवशी मी नोंद दिली आणि 'वेट' आलंच नाही. साहेबांनी सगळ्यांसाठी वडापाव मागवले. मी मात्र माझा मामांपुढे सरकवला. आपल्याच हाताने मी पायावर धोंडा पाडून घेतला होता.

शेवटच्या दुपारी तो माझ्याकडे पाठ करून प्रिंटरपाशी उभा होता. मी सुतळीचे बारा गठ्ठे भरले. शेऱ्याच्या रकान्यात बोटांनी इंग्रजी अक्षरांत आपोआप टाइप केलं... जाऊ नका. पूर्वी कळ दाबल्यावरही दहा आकडे हातात असायचे. मन बदललं तर नोंद मागे घेता यायची. त्याच सवयीने मी कळ दाबली, आणि नोंद क्षणात आत गेली. मी घाबरून ती लगेच खोडली.

थोड्या वेळाने प्रिंटर खरखरू लागला. जाण्यापूर्वी पद्माकर यंत्राची नोंदवही छापून तपासत होता. ओळींवरून फिरणारं त्याचं बोट थांबलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"सुतळीला अहो-जाहो करता तुम्ही?"

"ते... खोडलंय मी."

"खोडलेलंही राहतं. सांगितलं होतं ना?"

"विसरले मी," मी म्हणाले. आजही तेच सांगते. त्याला आजही पटत नाही.

तो जरा वेळ कागदाच्या कडेची भोकं चाचपत राहिला. मग पुस्तकातलं मराठी कुठल्या कुठे गेलं.

"मला जायाचं नाय गं, शकू. गेलो तरी दर रविवारी हितंच येनार हाय. आयेला धाडू का दहिवलीला, तुज्या घरी?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. "वेट," म्हणाले, आणि मनात आकडे मोजायला लागले. दहापर्यंत मोजायचे होते. चारवरच मान हलली.